वाचनालयाच्या पाटीवरचा 'ब'

आमच्या वाचनालयाच्या दारावर पत्र्याची पाटी आहे. वर संस्थेचं नाव, खाली स्थापनेचं साल आणि त्याखाली बारीक अक्षरात 'शासनमान्य ब वर्ग'. लहानपणी मला वाटायचं, शाळेत तुकड्या असतात तशी ही वाचनालयाची तुकडी असणार. हुशार वाचनालयं कुठेतरी 'अ' तुकडीत बसत असतील आणि आमचं मधल्या बाकावरचं. पुढे शेजारच्या काकांनी भरीस घातलं म्हणून दोन वर्षं कार्यकारी मंडळावर काढली, जमाखर्चाच्या वह्या चाळल्या आणि कळलं की अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. तुकडीच आहे ती. फक्त मार्क कशाचे मिळतात, हे समजायला वेळ लागला.

गेल्या महिन्यात एका नव्या सभासदाने काउंटरवर विचारलं, "मॅडम, हे वाचनालय सरकारी आहे की प्रायव्हेट?" आमच्या ग्रंथपाल ताई पुस्तकामागच्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का मारत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दोन्ही नाही. आणि दोघांचंही थोडं थोडं आहे." मुलगा हसला, अनामत भरली आणि पुस्तक घेऊन गेला.

ताईंचं उत्तर तंतोतंत बरोबर होतं. महाराष्ट्रातलं गल्लीतलं वाचनालय ही बहुतेक वेळा एक संस्था असते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार धर्मादाय आयुक्तांकडे न्यास, म्हणजे ट्रस्ट, म्हणून नोंद झालेली. मालक असा कुणी नाही. कपाटं, पुस्तकं, पंखे आणि असलीच तर इमारत, सगळं न्यासाचं. कारभार सभासदांनी निवडलेलं मंडळ बघतं आणि वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेपुढे हिशेब ठेवतं. आमच्याकडे ही सभा दहाला सुरू होते, दहा-पाचला गणसंख्येअभावी अर्धा तास तहकूब होते आणि साडेदहानंतर त्याच अकरा जणांत पुन्हा भरते. तहकूब सभेला गणसंख्येची अट नाही. मधल्या वेळात चहा होतो.

मग सरकार कुठे आलं? ते आलं पाटीवरच्या त्या शेवटच्या ओळीतून. राज्याच्या उच्च व तंत्र शिक्षण विभागाखाली ग्रंथालय संचालनालय आहे, जिल्ह्याला जिल्हा ग्रंथालय अधिकारी आहे. अटी पूर्ण करणाऱ्या वाचनालयाला संचालनालय मान्यता देतं, वर्ग देतं आणि त्या वर्गाप्रमाणे दरवर्षी अनुदान देतं. अशी शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं राज्यात अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. एवढं मोठं जाळं, पण त्यातली खुद्द सरकारने चालवलेली बोटावर मोजण्याइतकी. बाकी सगळी अशीच, लोकांनी काढलेली आणि सरकारने थोडा हात दिलेली.

ही रचना अशी अर्धवट वाटते, पण ती कुणी कागदावर आखलेली नाही. ती आपल्या इतिहासातून आली. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, अहमदनगरचं (आताचं अहिल्यानगर) १८३८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय (नाशिककर त्याला नुसतं 'सावाना' म्हणतात) १८४० चं, पुण्याचं १८४८ चं. सुरुवातीला इंग्रज अधिकारी आणि गावातली शिकलेली मंडळी वर्गणी काढून पुस्तकं आणत आणि आपापसांत वाचत. शतकाच्या शेवटी मराठी पुस्तकांसाठी म्हणून खास संस्था उभ्या राहिल्या. १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय निघालं, १८९८ साली मुंबईत मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. या मुंबईच्या संस्थेने पुढे वस्त्या-वस्त्यांत शाखा काढल्या. मुंबईत 'शाखा' म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे आधी दुसरंच काही येतं, तो भाग वेगळा. पण एका मोठ्या संग्रहाचा हात तुमच्या नाक्यापर्यंत पोचावा, ही कल्पना मराठी माणसाने फार पूर्वीच करून पाहिली आहे.

त्याच काळात एका मराठी राजाने दुसरी वाट धरली. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड अमेरिकेत गेले, तिथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात बोलावून घेतलं. मध्यवर्ती ग्रंथालय, त्याखाली शहरांतली, त्याखाली गावांतली, आणि जिथे ग्रंथालय नाही तिथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या. वाचायला पैसे पडत नसत. गावाने रक्कम उभी केली की तेवढीच भर पंचायतीने आणि तेवढीच संस्थानाने घालायची, असा हिशेब. म्हणजे आज 'शाखा ग्रंथालय' म्हटल्यावर जगभर जे समजतात तेच: एक झाड आणि त्याच्या फांद्या.

स्वातंत्र्याच्या आसपास हाच प्रश्न सगळीकडे उभा राहिला. वाचनालयाचा खर्च कोणी करायचा? १९४० च्या सुमारास मुंबई सरकारच्या फैजी समितीने मध्यवर्ती ते गाव अशी उतरंड सुचवली. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालयांचा कायदा केला, हिंदुस्थानातला पहिलाच. १९४८ मध्ये मद्रासने केला आणि तिथे एक महत्त्वाची गोष्ट झाली. घरपट्टीवर ग्रंथालय उपकर, म्हणजे ग्रंथालयांसाठीचा जादा कर बसला. थोडासाच, पण नेमाने जमा होणारा आणि दुसरीकडे न वळवता ग्रंथालयांसाठीच राखलेला. त्यामुळे तमिळनाडूत आजही जिल्हा ग्रंथालय आणि त्याच्या शाखा हा सरकारी कारभार आहे. तिथल्या शाखेतला ग्रंथपाल पगारी नोकर असतो.

महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम केला, १ मे १९६८ पासून तो लागू झाला. उपकर आपण बसवला नाही. जी वाचनालयं लोकांनी आधीच काढली होती ती मोडून नवी सरकारी उभारण्यापेक्षा त्यांनाच मान्यता आणि मदत द्यायची, असं ठरलं. मला विचाराल तर या निर्णयात शहाणपण होतं आणि चिक्कूपणाही. शहाणपण असं की गावोगावची आपलेपणाने चाललेली संस्था सरकारी कार्यालय झाली नाही. चिक्कूपणा असा की त्या आपलेपणावरच सगळा डोलारा ठेवून दिला.

आता तुकडीकडे येऊ. अ, ब, क, ड असे चार वर्ग. 'ड' वर्गाला काही शे पुस्तकं आणि २५ सभासद पुरतात, 'अ' वर्गाला पंधरा हजारांच्या वर पुस्तकं आणि ३०० सभासद लागतात. ब आणि क मधल्या पायऱ्या. शिवाय रोज किती तास उघडं, वर्तमानपत्रं आणि नियतकालिकं किती, कर्मचारी किती आणि ग्रंथालयशास्त्राचं शिक्षण झालेले किती, हेही बघतात. वाचनालय जिल्ह्याच्या ठिकाणी आहे, तालुक्याच्या की इतर, त्यानेही रक्कम बदलते.

रक्कम ऐकाल तर खुर्चीवर सरसावून बसाल. 'ड' वर्गाच्या वाचनालयाला कितीतरी वर्षं वर्षाला ३०,००० रुपये मिळत. वर्षाला, महिन्याला नव्हे. म्हणजे महिन्याचे २,५०० रुपये. अनुदानातला साधारण निम्मा भाग वेतनावर आणि निम्मा पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीज, भाडं, बांधणी अशा वेतनेतर गोष्टींवर. म्हणजे गावातल्या ग्रंथपालाच्या वाट्याला महिना १,२५०. २०२२ च्या अखेरीस सरकारने अनुदानात ६० टक्के वाढ मंजूर केली. तीस हजारांचे अठ्ठेचाळीस झाले, पण आकडा मुळातच एवढा लहान की साठ टक्क्यांनी वाढूनही ग्रंथपालाच्या वाट्याला महिना २,००० च आले. शहरात एका घरची धुणीभांडी बहुतेकदा यापेक्षा जास्त देतात, आणि द्यायलाच हवीत.

शिवाय हे पैसे आगाऊ मिळत नाहीत. मागच्या वर्षी ज्या बाबी मान्य आहेत त्यांवर जो खर्च झाला, त्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत आणि वर्गाच्या कमाल रकमेच्या आत अनुदान बसतं. उरलेले दहा टक्के वाचनालयाने उभे करायचे. सभासदांची वर्गणी, देणग्या, अनामतीवरचं व्याज. त्यामुळे मंडळावर गेल्यावर मी पहिली गोष्ट शिकलो ती ही, की पावती जपून ठेवायची. विजेच्या बिलापासून फिनाइलच्या बाटलीपर्यंत. ताईंच्या टेबलाच्या खणात पावत्यांची सुतळीने बांधलेली चवड असते आणि तिला हात लावायची परवानगी अध्यक्षांनाही नाही.

आता गंमत बघा. वर्ग ठरतो मुख्यतः पुस्तकांच्या संख्येवर. मग फाटकं, वाळवी लागलेलं, वीस वर्षांत कुणी न उघडलेलं पुस्तक बाद करायला कोण धजावेल? संख्या घटली, निकषाच्या खाली आली, तर वर्ग जाईल. म्हणून आमच्या शेवटच्या कपाटात १९८० च्या दशकातली करविषयक मार्गदर्शकं आहेत, शाळांचे रद्द झालेले अभ्यासक्रम आहेत, एका रेडिओ दुरुस्तीच्या पुस्तकाच्या चार प्रती आहेत. दाखल नोंदवहीत त्यांचे क्रमांक आहेत, म्हणून ती आहेत. निर्लेखनाची, म्हणजे पुस्तक नोंदीतून काढून टाकण्याची, रीतसर पद्धत नियमात आहे, पण ती वापरायला मंडळं बिचकतात. परिणाम असा की चांगलं, नवं पुस्तक ठेवायला जागा नाही आणि न वाचलं जाणारं पुस्तक जागा सोडत नाही. याची दुसरी बाजूही सांगतो. २०१२ मध्ये राज्यभर वाचनालयांची पडताळणी झाली तेव्हा काही ठिकाणी पाटी होती पण मागे पुस्तकंच नव्हती, असं उघड झालं, आणि त्यानंतर बरीच वर्षं नव्या मान्यता अन् वर्गवाढ थांबली. म्हणजे मोजणीशिवाय सरकारला इलाज नाही, हेही खरं. मुद्दा मोजू नका असा नाही. काय मोजता असा आहे.

कारण वाचनालय मोजलं जातं पुस्तकांवर आणि वापरलं जातं टेबल-खुर्चीवर.

सकाळी साडेसातला या. बाहेरच्या खोलीत लांब टेबल, त्यावर वर्तमानपत्रं. या भागाला जुनं नाव आहे, 'मुक्तद्वार'. सभासद असा नसा, आत येऊन पेपर वाचा, कुणी विचारणार नाही. रात्रपाळी संपवून घरी जाणारा वॉचमन, नातवाला शाळेत सोडून आलेले दोन आजोबा, आणि एक गृहस्थ जे फक्त निधनवार्तांचं पान वाचतात आणि उठतात. एक पेपर चौघांत वाटला जातो. 'मधलं पान द्या हो' एवढंच संभाषण, पण कुणी दोन दिवस आलं नाही तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच्या इमारतीत डोकावून येतं. ही नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

दुपारी अभ्यासिका भरते. एमपीएससी, तलाठी भरती, पोलीस भरती, बँका, सीए. या मुलांना आमच्या कादंबऱ्यांत काडीचा रस नाही. त्यांना हवा आहे पंखा, दिवा, चार्जिंगचा पॉइंट आणि शांतता. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहतात, टीव्ही चालू असतो, तिथे राज्यघटनेची कलमं पाठ कशी होणार? खासगी अभ्यासिका महिन्याला चांगलेच पैसे घेतात. आमच्याकडे ते पैसे बसभाड्याइतके. एका मुलीने टेबलावर पेन्सिलने आपल्या परीक्षेची तारीख लिहून ठेवली होती; ताईंनी ती पुसली नाही, परीक्षा झाल्यावरच पुसली.

संध्याकाळी देवघेव. आणि इथे मला एक गोष्ट जवळून दाखवायची आहे. आमच्याकडची सामाजिक कादंबरी कुठलीही काढा, सतराव्या पानावर जा. खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीची बारीक खूण दिसेल: एक टिंब, एक त्रिकोण, कुठे 'शा', कुठे नुसतं फूल. वर्षानुवर्षं येणाऱ्या बायकांनी 'हे माझं वाचून झालं' म्हणून केलेल्या या खुणा. मुखपृष्ठ बांधणीत गेलेलं, नाव लक्षात राहत नाही, मग घरी नेऊन अर्ध्यात आठवतं की हे तर वाचलंय. म्हणून सतरावं पान. पुस्तकात खूण करू नये हा नियम भिंतीवर टांगलेला आहे आणि ताईंना प्रत्येक खूण कुणाची ते माहीत आहे. फोनवरून एखाद्या काकूंनी सांगितलं की मुलाबरोबर दोन पुस्तकं पाठवा, तर ताई आधी सतरावं पान बघतात आणि मग देतात. संगणकात सगळ्या नोंदी आल्यावर आता ते पडद्यावरही दिसतं. पण पडदा उघडायला वेळ लागतो, पान उघडायला नाही.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. चौथा नियम म्हणजे वाचकाचा वेळ वाचवा. लोक त्याचा अर्थ पुस्तक पटकन सापडावं असा घेतात. माझ्या मते गल्लीतल्या वाचनालयाचं सगळं समर्थन या एका नियमात आहे. शहराच्या मध्यभागी लाखभर ग्रंथांचं भव्य ग्रंथालय असतं, असायलाच हवं, संशोधकाला तेच लागतं. पण गुडघे दुखणाऱ्या बाईला दोन बस बदलून लाख पुस्तकांपर्यंत जाता येत नाही. चार मिनिटांवर असलेली नऊ हजार पुस्तकं तिच्यासाठी जास्त आहेत. आठ वर्षांच्या मुलाला एकट्याने रस्ता ओलांडून जाता येईल इतक्याच अंतरावर वाचनालय असलं तर तो वाचक होतो. त्याला सोडायला मोठं माणूस लागलं तर त्या माणसाला वेळ मिळेल तेव्हाच होतो, म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत, तेही पहिला आठवडा.

पुस्तकं निवडायची कशी, हा मंडळातला कायमचा वाद. अनुदानातली पुस्तकं, कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान या केंद्राच्या संस्थेने आणि राज्याने मिळून पैसे घातलेल्या समान निधी योजनेतून मिळणारी, देणगीत आलेली. देणगी हा नाजूक विषय. घर आवरताना लोक पोत्याने पुस्तकं आणून देतात, त्यात निम्मे जुने दिवाळी अंक आणि अपुरे ज्ञानकोशाचे खंड. नाही म्हणवत नाही. मला विचाराल तर वाचनालयाची खरी नाडी कळते दिवाळी अंकांच्या योजनेत. दिवाळीच्या आधी थोडे जास्त पैसे भरायचे, मग दोन-तीन महिने पाहिजे तेवढे अंक बदलून न्यायचे. बाजारात काही अंक चारशेच्या पुढे गेले आहेत. चार-पाच घेतले तरी खिसा रिकामा. इथे तेवढ्यात पन्नास वाचून होतात. नोव्हेंबरमध्ये खाकी कव्हर घातलेल्या अंकांची रास काउंटरवर असते आणि ठरावीक दोन अंकांसाठी रांग. वर्षभर न दिसणारे सभासद त्या दिवसांत दिसतात. त्यांची थकलेली वर्गणी वसूल होते तीही तेव्हाच.

तुमच्या भागात वाचनालय असेल आणि ते मरगळलेलं वाटत असेल, तर पाटीवरचा वर्ग बघून आत जा आणि वार्षिक अहवाल मागा. सभासदाला तो मिळतो. त्यात वेतनावर किती गेले, पुस्तकांवर किती, वर्गणी किती जमली, सगळं असतं. आणि पुस्तकखरेदीचा आकडा वर्षानुवर्षं तोच राहिलेला दिसला तर सभेत उठून विचारा. सभासद नसाल तर व्हा. आमच्याकडे अनामत ५०० रुपये आहे, सोडताना परत मिळते. आमची सभा सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी, सकाळी दहाला. साडेदहाला आलात तरी चालेल, फक्त चहा संपलेला असेल.